उजव्या सीटवरचे तास

बहिणीला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला, तेव्हा परवाना म्हणजे नोकरी नव्हे हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. नोकरीला उड्डाणाचे तास लागतात, आणि ते तास मिळायला आधी कुणीतरी विमान हाती द्यावं लागतं. शिकाऊ काळातले तास तिच्याकडे होते, पण तेवढे तिच्यासारख्या सगळ्यांकडेच होते. मी सोलापुरात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. त्या काळात ती घरी बसून मोबाइलवर जाहिराती चाळत असायची. मी कामावरून आलो की ती मोबाइल पालथा ठेवायची.

मग परराज्यातल्या एका लहान कंपनीचा फोन आला. कालवे, रस्ते आणि खाणींचे वरून फोटो काढून देण्याचं काम. विमान एक, कॅप्टन एक. कॅप्टनच्या उजवीकडची सीट रिकामी होती. पगार नाही, राहण्याजेवणाची सोय आपली आपण करायची. "पण तास मिळतील," असं पलीकडच्या माणसानं सांगितलं. ज्या विमानाला एकच वैमानिक पुरतो, त्यात दुसऱ्याचे तास धरत नाहीत, असं तिनं शिकताना ऐकलं होतं. तिनं तसं विचारलंही. "सगळेच लिहितात, मॅडम," असं उत्तर आलं.

आई म्हणाली, "फुकट राबायला पोरगी धाडायची व्हय?"

शेवटचा शब्द वडिलांचा पडला. ते कुर्डुवाडीला इंजिन ड्रायव्हर होते. त्यांनी सुरुवात असिस्टंट म्हणून केली होती. इंजिनवर दोन माणसं असतात. असिस्टंट सिग्नल बघून मोठ्यानं सांगतो, ड्रायव्हर तोच पुन्हा उच्चारतो, आणि फेरी दोघांच्याही नावावर लागते. इंजिनवर चढलेल्या माणसाची ड्युटी लागली नाही, असं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

"पगार मागनं येतंय," ते म्हणाले. "आधी गाडीवर चढ. गाडीवर चढलेला माणूस मोजला जातोच."

विमानालाही ते गाडीच म्हणायचे. बहीण हसली. "अण्णा, तितं सिग्नल न्हाईत."

"मग सोपंच हाय की तुला."

ती गेली. फोन आला की आवाजात आनंद असायचा. विमान वर नेणं आणि खाली उतरवणं कॅप्टनकडे, मधलं सगळं तिच्याकडे. कॅप्टन डोळ्यांवर टोपी ओढून घ्यायचा.

"झोपतो का काय?" मी विचारलं.

"डोळं मिटून इंजिन ऐकतो म्हणं, दादा. घोरता घोरता ऐकतो."

काम कसं असतं, हे आईला समजावताना ती म्हणाली, "नांगरायला तास धरतात बघ, तसं. सरळ जायचं, वळायचं, पहिल्या तासाला लागून परत यायचं. रेघ वाकली की फोटो वाया."

आई जेऊरकडच्या शेतकरी घरातली. तास म्हणजे नांगराची ओळ, हा अर्थ तिच्या तोंडात आधी येतो. ती म्हणाली, "आन् रान कुणाचं?"

आम्ही सगळे हसलो. आईही हसली.

पुढे एका विमान कंपनीत भरती निघाली आणि तिला मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखत घेणारा माणूस सभ्य होता, असं ती आजही सांगते. त्यानं तिच्या तासांची नोंद असलेलं लॉगबुक चाळलं आणि विचारलं, हे विमान किती वैमानिकांचं? ती म्हणाली, एका. मग तुम्ही त्यात कोण होता? ती म्हणाली, को-पायलट. त्यानं मान हलवली. या विमानात को-पायलट नावाची जागाच नाही, म्हणाला. सीट आहे, तिच्यावर कुणीही बसू शकतं. ती पानं वगळल्यावर तिच्याकडे परवाना मिळाला त्या दिवशी होते तेवढेच तास उरले. दरम्यान ताजे परवाने घेतलेले कितीतरी जण त्याच रांगेत येऊन उभे राहिले होते.

त्या आठवड्यात ती घरी आली. जेवताना वडिलांनी विचारलं, "मग ते तास लागलं कुणाच्या नावावर?"

"कॅप्टनच्या."

"त्यो झोपायचा म्हणालीस न्हवं?"

"व्हय."

"मग चालवत कोण हुतं?"

"मी."

"मग?"

"अण्णा, विमान एकाचं हाय. एकाच्याच नावावर लागतंय."

"इंजिनावर असं नसतंय."

"इंजिन न्हाई ते," ती म्हणाली आणि भाकरी मोडत राहिली. आईनं सगळ्यांना कालवण वाढलं. त्या दिवसानंतर वडिलांनी विमानाला गाडी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

कॅप्टनला त्या तासांवर मोठ्या कंपनीत नोकरी लागली. त्यानं खोटं काही केलं नव्हतं. नियमानं ते तास त्याचेच होते.

बहीण आता पुण्यात एका विमान कंपनीच्या कार्यालयात आहे. कुठलं विमान कुठल्या वाटेनं जाईल, इंधन किती लागेल, वाटेत हवा कशी आहे, हे ती वैमानिकांना काढून देते. पगार वेळेवर होतो. परवाना जिवंत ठेवायला अधूनमधून उडावं लागतं. ते ती आधी पुढे ढकलत होती. आता त्याबद्दल बोलत नाही, आणि मीही विचारत नाही.

गेल्या दिवाळीत ती घरी असताना तिला फोन आला. अक्कलकोटकडची एक मुलगी, नुकताच परवाना घेतलेली. कुणीतरी नंबर दिला होता. बहिणीनं हात पिठाचे होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला. आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो.

"अक्का, मला सीट मिळाली," मुलगी म्हणाली. "कॅप्टन लई चांगले हायत. वर गेलं की सगळं माझ्याच हातात देतेत."

बहिणीनं विचारलं, "विमान किती वैमानिकांचं आहे?"

"एकानं बी चालतंय. का?"

बहिणीनं का ते सांगितलं. न थांबता, सगळं, एकाही शब्दावर आवाज न चढवता.

मग मुलगी म्हणाली, "पण अक्का, घरी सांगून झालंय की."