कमलताई आणि तबकडीतल्या मोकळ्या जागा

कमलताईंची आणि माझी ओळख जीपमध्ये झाली. नव्वदच्या आगेमागेचे दिवस होते. हिंगोलीच्या कॉलेजात संगीत शिकवायला मी नुकताच आलो होतो आणि जीपमध्ये ऐसपैस बसायला मिळावं, असा माझा भाबडा समज होता. त्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून सेनगावला निघालेल्या त्या जीपमध्ये ताईंच्या शेजारी, गोधडीत गुंडाळलेला एक डबा माणसाची जागा अडवून बसला होता. मी तो सरकवायला गेलो तशा ताई म्हणाल्या, "पाय आखडून घ्या जरा. यात माणसं बसलीत." डब्याचं वेगळं भाडं त्यांनी भरलं आहे, असं ड्रायव्हरनं सांगितलं. मी पाय आखडले. डब्यात टेपची जुनी रिळं होती.

ताई मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. शिकल्या आणि शाळेत शिक्षिका झाल्या. तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी डोंगरकड्याजवळच्या एका माळावर गाण्यांचा मेळा भरवला होता. सगळा उलटा कारभार. व्यासपीठ नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, भाकरी पुरुषांनी भाजायच्या आणि गावच्या कार्यक्रमात ज्यांना कुणी पुढं बसू देत नसे, त्यांनी सगळ्यांत आधी गायचं. हारतुऱ्यांना तर बंदीच होती. त्यामुळे ताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त काढलेला हा गौरवग्रंथ हाती पडल्यावर त्या संपादक मंडळाचं काय करतील, याची मला थोडी काळजी आहे.

त्या मेळ्यातली गाणी ताईंनी मागून आणलेल्या एका यंत्रावर रेकॉर्ड केली आणि पुढे एका लहानशा कंपनीनं त्यांची तबकडी काढली. सगळे खूश झाले, बंजारा तांड्यावरच्या जमनाबाई सोडून. होळीची लेंगी गाताना पुरुष एका बाजूला आणि बाया समोर बसल्या होत्या. जमनाबाईंच्या यजमानांनी ओळ टाकायची आणि बायांना घेऊन जमनाबाईंनी तिला उत्तर द्यायचं, असं ते गाणं. माईक एकच होता, तोही पुरुषांकडे तोंड करून ठेवलेला. बायांचा आवाज लांबून, पुसट आला. तबकडीसाठी केलेल्या नकलेतून कंपनीनं ते तुकडे रिकामी फीत समजून कापले आणि पुरुषांच्या ओळी एकमेकींना जोडून टाकल्या. तबकडी ऐकून जमनाबाईंनी एवढंच विचारलं, "आमी कुठं हाव?"

ताईंनी दोष कंपनीवर ढकलला नाही. "माईक मीच ठेवला व्हता," हे त्या कुणालाही, न विचारता सांगत. जमनाबाईंना त्यांनी शब्द दिला होता, तुमाला परत आणते म्हणून. मूळ रिळं शोधण्यात त्यांची किती वर्षं आणि किती पगार गेला, हे त्या सांगत नाहीत. कंपनी तोवर बंद पडली होती. तिथं काम केलेल्या एका गृहस्थांच्या माळ्यावर अखेर तो डबा सापडला आणि त्याच दिवसांत माझे पाय आखडले गेले.

ती तबकडी पुन्हा काढायला पुण्यातले एक हौशी संग्राहक तयार झाले. तबकड्यांचा जमाना तोवर संपत आला होता, सगळं जग कॅसेटकडे धावत होतं. मीही शहाणपणानं म्हणालो, "ताई, कॅसेट काढा. स्वस्त पडेल, जीपमध्येसुद्धा वाजेल." ताई म्हणाल्या, "कॅसेटवर उद्या कुनीबी दुसरं गानं भरतंय. या बायांवर परत काही भरायला नको."

स्टुडिओत मी सोबत होतो. तिथल्या ध्वनितंत्रज्ञानं बायांचा आवाज वर काढायची शिकस्त केली, पण हाती लागली ती थोडी गुणगुण आणि बांगड्यांची किणकिण. मग त्यानं सुचवलं, आताच्या बायांकडून गाऊन घेऊ आणि जोडून देऊ, कुणाला कळणारही नाही. मला ते पटलं होतं. ताईंना नाही. "त्या दिवशीच्या बायांच्या जागी दुसऱ्या काहून? हाय तेवढंच ठिवा. पन त्यांची जागा पुरी सोडा."

जागा सोडणं हा ताईंचा स्वभावच आहे. वर्गात प्रश्न विचारून त्या खुशाल थांबून राहत. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, वर्ग असा गप्प का? ताई म्हणाल्या, "पोरं इचार करून राहिलीत, साहेब." माझी मुलगी लहानपणी अडखळत बोलायची. आम्ही घरातले सगळे मायेनंच, पण तिची वाक्यं पुरी करून टाकायचो. ताईंनी तसं एकदाही केलं नाही. मुलगी सगळ्यांत जास्त त्यांच्याशी बोलायची. हे उपकार मी विसरणं शक्य नाही.

नवी तबकडी घेऊन आम्ही तांड्यावर गेलो. लग्नात लाऊडस्पीकर लावणाऱ्याचं जुनं यंत्र मांडलं. जमनाबाईंचे यजमान तोवर वारले होते. त्यांची ओळ वाजली आणि नंतर नुसती खरखर, तीत जेमतेम ती गुणगुण आणि किणकिण. सुई अडकली असं वाटून लाऊडस्पीकरवाल्यानं हात पुढं केला, तो ताईंनी धरला. ताईंचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. यजमानांची पुढची ओळ आली. ती संपली आणि जमनाबाईंनी, मान खाली ठेवूनच, तिला उत्तर दिलं. आवाज फाटका होता, पण जागेवर होता. त्यापुढच्या जागेला बाकीच्या बाया त्यांच्यात मिसळल्या. गाणं संपल्यावर जमनाबाई म्हणाल्या, "आता बराबर हाय." ताई रडल्या. मीही रडलो, ते लपवण्यात अर्थ नाही.

आता दर होळीला तांड्यावर ती तबकडी वाजते. बायांच्या बाजूला दरवर्षी नव्या पोरी येऊन बसतात. जमनाबाई मध्ये असतात आणि कुणी घाई केली की दटावतात.

ताईंनी शंभरी पाहावी, त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी आणि अजून पुष्कळ जीपमध्ये त्यांनी आम्हाला पाय आखडायला लावावेत. सत्काराला उत्तर देताना त्या मध्येच थांबतील. त्यांना शब्द सुचत नाहीत असं समजून कुणी टाळ्या वाजवू नयेत. समोर जमनाबाई आणि तांड्यावरच्या बाया बसलेल्या असतील. त्या दिवशी एक माईक त्यांच्याकडे तोंड करून ठेवायचा आहे, आणि ते काम मी संपादक मंडळाकडून मागून घेतलं आहे.