स्क्रीनकडे पाठ करून

कुंदाताई कॉम्प्युटर दुरुस्त करताना स्क्रीनकडे पाठ करून उभ्या राहत. हात मागे कीबोर्डवर, तोंड आमच्याकडे आणि बोलणं अखंड चालू. "त्या काचेकडं काय पाहायचं वो? माणसाकडं पाहावं," असं त्यांचं म्हणणं. मशीन सुरू झालं की नाही, हे त्या मशीनमधल्या पंख्याच्या आवाजावरून सांगत. बहुतेक वेळा ते खरं निघे. न निघाल्यास दोष पंख्याचा.

पांढुर्ण्यात त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. डिग्री घेऊन मी नुकतीच घरी परतले होते आणि तिथे शिकवायला लागले. घरी मराठी, शाळा इंग्लिश मिडियमची. त्यामुळे चारचौघांत बोलायच्या आधी मी मराठी वाक्य मनात जुळवून घेई, आणि तोवर विषय बदललेला असे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव ठेवलं. "काय वो इंग्लिश मिडियम, बोलत तं काही नाही, मंग इतकं पाहून काय राहिली?"

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही पाहाले एवढे मोठे डोळे! बाप्पा!"

क्लासमधल्या प्रत्येक मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन सिस्टिम होत्या. मशीन सुरू केलं की आधी एक यादी दिसे. उजळ पट्टी हव्या त्या सिस्टिमच्या ओळीवर नेऊन एंटर मारायचं; शेवटची ओळ मशीनच्या सेटिंगची, तिथे कोणी जात नसे. नव्या मुलींना हे समजवण्याची कुंदाताईंची स्वतःची रीत होती. "माह्यं माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा. मधात जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत एकीकडून माह्ये भाऊ गोटे फेकते, दुसरीकडून दीर. बाकी सालभर मी पुलावरून आरामात ये-जा करतो. हे तसंच हाय. विंडोज म्हणजे पांढुर्णा, लिनक्स म्हणजे सावरगाव अन् ही यादी म्हणजे पूल. मशीन अडलं तं गावं बिघडली असं समजू नका पोरीहो, आधी पूल पाहा."

"अन् ताई, गोटमारीच्या दिवशी तुम्ही कोणाकडून असता?" एकीने विचारलं.

"मी? मी त्या दिवशी दार लावून पोळ्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या खातो."

एकदा सौंसरचे एक संत्र्याचे व्यापारी लॅपटॉप घेऊन आले. काळ्या पडद्यावर एकच ओळ, पुढे काहीच नाही. ते हार्ड डिस्क बदलायच्या तयारीत होते. कुंदाताईंनी बोटांनी लॅपटॉपची कड चाचपली आणि बाजूला खोचलेला पेन ड्राइव्ह उपटून काढला. "भाऊ, दारात पाहुणा उभा केला तुम्ही. मशीन त्याच्याच तोंडाकडं पाहून राहिलं." पेन ड्राइव्हमध्ये त्यांच्या मुलीच्या लग्नातली गाणी होती. कुंदाताईंनी ती सगळी ऐकली, मगच त्यांना जाऊ दिलं.

त्यांचा स्वतःचा पेन ड्राइव्ह मात्र पदराच्या गाठीत असे. त्याच्यावरून मशीन सुरू केलं की दोनच ओळी येत. वरची दुरुस्तीची, खालची सगळी डिस्क पुसून दोन्ही सिस्टिम नव्याने बसवण्याची, तीही काही न विचारता. मला त्या खालच्या ओळीची भीती वाटे. ताई म्हणत, "आपण वरच्या ओळीवर एंटर मारतो. खालच्या घरी जातेच कोण?"

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी मुलींची प्रॅक्टिकल परीक्षा होती. मधे क्लास बंद होता, तो परीक्षेच्या सकाळीच उघडला. सगळ्यांचे प्रोजेक्ट क्लासमधल्या एका मोठ्या मशीनवर, लिनक्समध्ये. त्यांची दुसरी प्रत करायची ठरलं होतं, पण दसऱ्याच्या गडबडीत राहून गेलं. रामाकोन्याची नम्रता सगळ्यांच्या आधी आली होती. पास झाली तर नागपूरला पुढे शिकायला जायचं, नाही तर मामांनी आणलेल्या स्थळाला हो म्हणायचं, असं तिच्या घरी ठरलं होतं. तिचे वडील बाहेर मोटरसायकलला टेकून उभे होते.

कुंदाताईंनी ते मशीन सुरू केलं, नेहमीप्रमाणे पाठमोऱ्या होऊन एंटर मारलं.

"ताई, निळं पान आलं," नम्रता म्हणाली.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच पान, मशीनच्या सेटिंगचं. ना विंडोज, ना लिनक्स. मला वाटलं, यादीतली उजळ पट्टी आपोआप घसरून शेवटच्या ओळीवर गेली. पण कदाचित ताईंचंच बोट लागलं असेल. मी वाक्य जुळवत राहिले.

"पूल तुटला," ताईंनी निदान केलं. "भिऊ नका वो. आता बांधतो." त्यांनी पदराची गाठ सोडली, पेन ड्राइव्ह लावला, मशीन सुरू केलं आणि नम्रताकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "रडून काहून राहिली? माह्या लग्नात तं वरातच बैल बसल्यापायी नदीपल्याड अडकली होती..."

त्यांच्या मागे स्क्रीनवर दोन ओळी आल्या. पट्टी वरच्या ओळीवर होती. ताईंचे दोन्ही हात हवेत होते, वरात दाखवत होते. कीबोर्डला कोणीही हात लावला नव्हता. आणि पट्टी घसरली. खालच्या ओळीवर.

ताईंचा हात मागे, एंटरकडे गेला.

"नको!" मी ओरडले आणि त्यांचं मनगट धरलं. बाहेरून नम्रताचे वडील दारात आले.

ताईंनी वळून स्क्रीन पाहिला. मी त्यांना स्क्रीनकडे पाहताना प्रथमच बघत होते. पट्टी कुठे आहे ते त्यांना दिसलं आणि त्यांनी मला जागा करून दिली. मी कीबोर्डची वायर काढली, शेजारच्या मशीनचा कीबोर्ड जोडला, पेन ड्राइव्ह उपटला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. यादी आली. पट्टी जिथल्या तिथे थांबली. लिनक्स निवडलं, आणि आतमध्ये सगळे प्रोजेक्ट होते.

जुना कीबोर्ड मी उलटा करून टेबलावर आपटला. खाली जाणाऱ्या बाणाच्या बटणाशेजारून कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा पडला. ताईंनी दसऱ्याला मशीनची पूजा केली होती. तेव्हा मी नव्हते. दसऱ्याला आम्ही घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. अक्षतेचा तो दाणा बटण दाबून धरून बसला होता.

ताईंनी तो तळहातावर घेतला. "म्हणजे पुलाले काहीच झालं नव्हतं. मीच गोटा मारला!" मग आधी त्या हसल्या आणि नंतर डोळे पुसले. परीक्षक आले तेव्हा उशिराचं कारण त्यांनी दाणा दाखवून, हातवाऱ्यांसकट सांगितलं. निकालाच्या दिवशी नम्रताच्या वडिलांनी मला एवढंच विचारलं, "नागपूरले मुलींचं होस्टेल कोणत्या भागात बरं हाय?"

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. दसऱ्याच्या आधी मी निरोप घ्यायला गेले तर ताई म्हणाल्या, "यंदा पूजा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तू नागपूरवरून ये, मंग करू. तुले हात जोड म्हणत नाही. तू फक्त पाहा. अन् काही दिसलं तं बोंबल."

मी गेले. मशीनला झेंडूचे हार होते. ताई आमच्याकडे तोंड करून सौंसरच्या कोणाची तरी गोष्ट सांगत होत्या, आणि अक्षतांची मूठ मागे कीबोर्डवर नेत होत्या.

"ताई, कीबोर्ड!"

मूठ तिथेच थांबली. त्यांनी ती पुढे आणली आणि सगळ्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या.