फक्त मोठ्यांसाठी

नातवाचं जावळ मी बिरोबाला बोलले होते. पोर जपानात जन्मलं, दिवस भरायच्या आत जन्मलं, आणि आईच्या कुशीऐवजी काचेच्या पेटीत गेलं. मी इथं संभाजीनगरात बसून काय करणार? यजमानांना घेऊन गंगापूरकडच्या आमच्या गावी गेले, बिरोबासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "देवा, लेकरू हाती लागू दे, त्याचं जावळ तुझ्या दारात उतरवीन." यजमानांनी कपाळाला भंडारा लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "व्हय देवा, तुझ्याच दारात." त्यांचा हा शब्द मी विसरलेले नाही.

पोर वाचलं, बाळसं धरलं. व्हिडिओवर दिसलं की मी आधी त्याचं डोकं बघायची. केस मानेखाली उतरले, तसं सूनबाई त्याला रबर बांधायला लागली. "कात्री लावू नका रे," हे माझं दर फोनचं पालुपद. "दिवाळीत येतो आई, तेव्हा करू," हे मुलाचं. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. तिसरीच्या आधी त्यानं आम्हालाच तिकिटं पाठवली.

मी औरंगपुऱ्यातून लोकरीचे मोजे आणले, ठेचा बांधून घेतला आणि पदराच्या गाठीत भंडाऱ्याची पुडी ठेवली. नातू पहिल्याच दिवशी मांडीवर येऊन बसला. मी त्याच्या डोक्याला तेल चोळायची, वेणी घालायची, आणि तो आरशात बघून खिदळायचा. मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

आणि एका सकाळी मुलगा म्हणाला, "आई, तुमच्या दोघांसाठी डोंगरात एक जागा बुक केलीय. जमिनीतून गरम पाणी येतं तिथं. जुन्या पद्धतीचं विश्रामगृह आहे, लई भारी."

"मी नातवाकडं आलेय, आंघोळीला नाही. त्याला घेऊन जाऊ सगळे."

"तिथं लहान मुलं चालत नाहीत. फक्त मोठ्यांसाठी असतं ते."

लेकरांना बंदी असलेलं घर मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी साफ नाही म्हणणार होते, पण यजमानच गळ घालू लागले. "चल की. जन्मभर एसटी हाकली, जगाला देवदर्शन घडवलं, तुला कुठं नेलं नाय." हे मात्र खरं होतं. त्यांची सगळी नोकरी मुक्कामी गाड्यांवर गेली. मी विरघळले. बाई कितीही तिखट असली तरी अशा एका वाक्याला फसते.

गेलो. दारातच चपला काढून घेतल्या, ते घरच्यासारखं वाटलं. खोलीत खाट नाही, खुर्ची नाही, गवताच्या जाड चटया आणि बुटकं मेज. नेसायला सुती झगे दिले. मी झग्याचा उजवा पदर वर घेऊन बांधला, तर चहा घेऊन आलेली बाई कासावीस होऊन धावली आणि तिनं तो सोडून उलटा बांधून दिला. मी बांधला तसा फक्त मेलेल्या माणसाला बांधतात म्हणे. तिच्याकडं मोबाइल होता. ती त्यात बोलायची आणि मोबाइल आमच्याशी हिंदीत बोलायचा.

आंघोळीची वेळ झाली तेव्हा तिची नजर माझ्या हातांवर गेली. आमचं माहेर मेंढरांमागं हिंडणारं. आईनं लहानपणीच माझ्या दोन्ही हातांवर गोंदून घेतलं, एका हातावर तुळस, दुसऱ्यावर विंचू. "माणसासंगं दुसरं काय बी येत नाय, गोंदण तेवढं येतं," असं ती म्हणायची. तर तिथं गोंदलेल्या माणसाला सगळ्यांच्या कुंडात मज्जाव. पूर्वीपासून गुंडच गोंदून घ्यायचे, म्हणून. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे शिकवलेली मी, एका विंचवापायी गुंडांत जमा झाले. बाई कमरेत वाकवाकून माफी मागत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. चार परक्या बायांसमोर उघडं व्हायचं टळलं म्हणून मी आईला मनातल्या मनात हात जोडले.

मुलानं त्याचीही सोय केली होती. आम्हा दोघांपुरतं एक वेगळं कुंड होतं. उघड्यावर, भोवती लाकडी कुंपण, वर झाडं, आणि दाराला आतून कडी. पाण्याला फटाक्यांच्या दारूसारखा वास येत होता. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच पाण्यात उतरायचं, असा तिथला नेम. मी पाठमोरी बसले. कसंनुसं होत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी असं कधी बसले नव्हते. तेवढ्यात यजमानांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि माझी पाठ चोळायला लागले, डेपोत गाडीची काच पुसायचे तशी, निगुतीनं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

डोळे भरून आले होते, ते वाफेत खपून गेले.

मग आम्ही गळ्यापर्यंत पाण्यात बसलो आणि माझी टकळी सुरू झाली. या दिवाळीत पोरं आली की जावळाला कुणाकुणाला बोलवायचं, मामाच्या मांडीवर बसवायचं तर सूनबाईच्या भावाला आधीपासून सांगावं लागेल, जेवण गावात करायचं की शेतात. "अहो, आपल्या भाच्याकडं मेंढरू सांगून ठेवायला पाहिजे ना?"

"बघू की," ते म्हणाले. "व्हतंय सगळं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, वाफेमुळं.

दोन रात्री राहिलो. खरं सांगते, मी तिथं नव्या नवरीसारखी वागले. कच्च्या माशाला आम्ही दोघांनीही हात लावला नाही, भातावर ठेचा घेऊन खाल्ला आणि शाळकरी पोरांसारखे हसलो.

परत आलो तर मुलाच्या दारात एक परकं पोर धावत आलं. कान उघडे, मान उघडी, डोकं बारीक कातरलेलं. "आज्जी" म्हणालं तेव्हा मला ओळख पटली. मी त्याच्या मानेवरून हात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही.

"आई, रागवू नकोस," मुलगा घाईघाईनं सांगू लागला. "त्याची बालवाडी सुरू होतेय, सगळे मुलगीच समजतात. आणि केस फेकले नाहीत. इथं बाळाच्या पहिल्या केसांचा कुंचला करून जपून ठेवतात, तो करायला दिलाय."

"देवाचं होतं ते. कुणाला विचारून कापलं?"

तो उंबऱ्याकडं बघायला लागला. मग म्हणाला, "पप्पांना माहीत होतं. आम्ही तुम्ही यायच्या आधीच कापणार होतो. पप्पाच म्हणाले, आधी नको, ती तिकीट रद्द करील. मी तिला दोन दिवस कुठं तरी घेऊन जातो, तेव्हा उरका."

यजमान उंबऱ्यात बसून बुटाची नाडी सोडत होते. नाडी सुटली तरी ते सोडतच राहिले.

मुलावर मी चार दिवस धुसफुसले आणि सोडून दिलं. तो तिकडचा झाला, त्याला बिरोबा काय कळणार? सुनेनं शब्दच दिला नव्हता. पण ह्या माणसानं देवासमोर माझ्या शेजारी उभं राहून हो म्हटलं होतं. मी पाण्यात बसून पाहुण्यांची मोजदाद करत होते आणि ह्यांना ठाऊक होतं की तिकडं कात्री चाललीय. मला नातवाच्या डोक्याजवळून हलवायचं होतं, म्हणून मला फिरवून आणलं. गळ घालणारा गोड शब्द त्यासाठीच होता.

"पोरासमोर रडारड नको म्हणून केलं," ते विमानात म्हणाले. "अन् तू तिथं किती खुशीत व्हतीस, सांग बरं."

"होते," मी म्हणाले. "म्हणूनच तर."

त्यांना ते कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही.

पुढं तो कुंचला लाकडी पेटीतून आला. टोकाला नातवाचे मऊ काळे केस. यजमानांनी तो शोकेसमध्ये ठेवला, आल्यागेल्याला दाखवू लागले. एका रविवारी मी पेटी पिशवीत घातली, एकटीच गंगापूरच्या जीपमध्ये बसले आणि कुंचला बिरोबाच्या पायाशी ठेवून आले. वर भंडारा टाकला.

"पेटी कुठंय?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"जिथं हो म्हणाला होतात तिथं."

ते आता लई नमून वागतात. चहा करतात, माझ्या गोळ्या काढून ठेवतात. मी आंघोळीला निघाले की बंबातलं पाणी काढून देतात आणि न्हाणीच्या दाराशी घुटमळतात. "पाठ चोळून देऊ का?" असं हळूच विचारतात.

मी आत जाते आणि कडी लावून घेते.