माळ्यावरचे काका

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या तोंडावर माझे एक काका वारले. मला काका नव्हते.

कोल्हापुरात माझा गुळाचा धंदा आहे. खाली गोदाम, वर बिऱ्हाड, आणि गोदामाच्या कोपऱ्यात एक लाकडी माळा. हमालीपासून सुरुवात करून हे सगळं मी दोन गोष्टींवर उभं केलं: घासाघीस आणि आवाज. (आवाज माझा. तीन दुकानं पलीकडं जातो.) या दोन्हीला घरात कुणी किंमत देत नाही, हे माझं जुनं दुखणं.

मुलगी प्राजक्ता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. मागच्या वर्षी मी गोदामात उंदरांना औषध घातलं. उंदीर मेले, आणि ते उंदीर खाऊन माळ्यावरचं घुबडही मेलं. नेमकं तिच्या पायाशी येऊन पडलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाली, "पप्पा, परत हितं विष आलं तर मी हॉस्टेलला जाणार."

यंदा औषध बंद. माळ्यावर गव्हाणी घुबडांची नवी जोडी आली, पिल्लं झाली. तिचं म्हणणं, निसर्गाचा तोल राहिला पाहिजे. माझं म्हणणं, औषधाचे पैसे राहिले पाहिजेत. (तत्त्वं वेगळी, पण माळा एकच!)

अडचण एवढीच की ही पिल्लं घू घू करत नाहीत. ती श्वास घेतात! भूक लागली की दिवसाढवळ्या, दमेकरी म्हाताऱ्यासारखा लांब, खरखरीत श्वास. आत... बाहेर. आत... बाहेर. ऐकता ऐकता आपलाही श्वास त्याच तालावर चालायला लागतो.

अशा एका दुपारी गणूआप्पा आले. जोतिबाच्या डोंगरावर त्यांचं प्रसादाच्या लाडवांचं दुकान. यात्रेसाठी त्यांना बिनकेमिकलचा गूळ हवा होता आणि माझा तसला सगळा माल त्यांच्यावरच अवलंबून होता. तो दिसायला काळसर, दुसरं कुणी हात लावत नाही. यात्रेला गेला नाही, तर पावसाळ्यात पाझरून गोदामातून वाहत जाणार!

वळवाचं आभाळ भरून आलेलं. वीज गेलेली. अंधारात गुळाचा उग्र वास दाटलेला. मी भाव सांगितला. गणूआप्पांनी बोलायला तोंड उघडलं, आणि वरून श्वास आला.

"वर कोण हाय वं?"

प्रसादाचं गिऱ्हाईक! त्याला घुबड सांगून परत पाठवू? माझ्या तोंडातून निघालं, "काका."

"कुणाचं?"

"माझंच की! दम्यानं बेजार हाईत."

आप्पांनी कान देऊन ऐकलं. चेहरा हळवा झाला. मग डोळे बारीक झाले. "म्हंजे दवाखान्याला पैसा लागत आसंल. नड हाय तुमाला. दोन रुपय उतरा शेठ, सगळा माल आज उचलतो."

माझं टाळकं सटकलं. नसलेल्या काकांच्या आजारपणावर भाव पाडतोय! "काकांचा आन भावाचा काय संबंध?" मी असा ओरडलो की पत्रे हादरले.

वरचा श्वास थांबला.

नुसता थांबला नाही. तुटला. अर्ध्यातच. गोदामात इतकी शांतता पसरली की गुळावरच्या माश्याही बसून राहिल्या. गणूआप्पांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"शेठ... गेलं."

मी वर पाहिलं. माळ्याच्या फटीत एक चेहरा होता. पांढराफटक, सपाट, माणसासारखा, पण नाक नसलेला. तो हळूहळू कलला, कलतच राहिला, जवळजवळ उलटा झाला, आणि तसाच आमच्याकडं बघत राहिला. मग किंचाळला!

गणूआप्पा थेट रस्त्यावर. मी मागं.

"आप्पा, आवो सौदा!"

"सुतकाचा गूळ प्रसादाला चालत न्हाय! तेरावं झाल्यावर बघू!"

तेराव्यापर्यंत यात्रा उरकलेली! "काका मेलं न्हाईत!" मी बोंबललो. "मला काकाच न्हाईत!"

"व्हय, व्हय," म्हणत आप्पांनी मला छातीशी धरलं. "आता कुठलं काका! रडून घ्या, मोकळं व्हा."

माणसं जमली. गॅलरीतून बायको ओरडली, "कोण गेलं?"

"तुमचं चुलत सासरं, वैनी!" आप्पांनी खालून सांगितलं.

"लगीन होऊन चोवीस वर्सं झाली, आन हे मला आज कळतंय?"

तेवढ्यात प्राजक्ताची गाडी येऊन थांबली. मी डोळ्यांनी खुणा केल्या. तिनं बघितल्या, आणि सरळ सांगून टाकलं, "आप्पा, वर काका न्हाईत. घुबडं हायत. विषानं मरू नयेत म्हणून मीच ठेवल्यात."

मी डोळे मिटले. गेला माल!

"मग घुबड म्हणायचं की वं!" आप्पा मला ढकलत म्हणाले. "आमच्या दुकानामागं कड्यात हायत की. त्यात काय लपवायचं? पोरी, गोदामात औषध?"

"चिमूटभर न्हाय."

"आन गुळात?"

"गुऱ्हाळात मी स्वतः उभी होते. फक्त दारातल्या ढेपांना मुंग्या लागल्यात, तेवढ्या घेऊ नका."

(मुंग्यांचं सांगायची काय गरज होती!)

"भाव?"

घरात रोज ऐकलेला माझाच पहिला भाव तिनं सांगितला.

"ठरलं. देवाम्होरं ठेवायचं ते आसंच पायजे."

ती किंकाळी ऐकून मी घाबरलो नाही, असं म्हणणार नाही. पण त्या दिवशी अंगावर खरा काटा आला तो इथं, भर रस्त्यात, माणसांच्या गराड्यात. अख्खा सौदा पार पडला होता, आणि त्यात माझा एक शब्दही लागला नव्हता!