बारमागची मैफल

प्रल्हादभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. उरलेली नावं तशीच वाचली. मुलं ‘हजर’ म्हणत होती, मला मात्र काही ऐकू येत नव्हतं... त्याला आता दीड महिना झाला.

आर्णीत त्यांचा छोटासा बिअर बार होता. मागची क्रेट ठेवायची खोली त्यांनी रिकामी केली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या आणि दर रविवारी दुपारी तिथल्या टीव्हीवर मैफिलींच्या, गवयांवरच्या माहितीपटांच्या सीड्या लावू लागले. सीड्या नागपूरहून आणायच्या. ‘ग्लास हातात ठेवा, तोंड बंद ठेवा,’ एवढाच नियम. त्यांचे वडील जयंतीच्या मिरवणुकीत पेटी गळ्यात अडकवून गायचे. भाऊंचाही गळा तसाच, मोकळा; ते गायला बसले की पेटीवर मी. कापसाची ती वाईट वर्षं होती. सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना बंद पडल्यावर तिथले हमाल या खोलीत येऊन बसत. एका रविवारी थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्या सारंगीवाल्याचा माहितीपट संपला, तर शेषराव हमाल म्हणाला, “भाऊ, परत लावा.” मी विचारलं, “काय समजलं रे?” तो म्हणाला, “समजलं काही नाही सर. पन बरं वाटून राह्यलं.” भाऊंनी परत लावला. कोणीच उठलं नाही.

मग भाऊंच्याच गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी त्याच खोलीत गायचं आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून ते उतरवून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. मला सांगायला शाळेत आले. “सर, पेटीवर तुमीच बसा. दुसऱ्याची साथ मले जमत नाही.” मी हो म्हणालो. त्या रविवारी कपडे घालून, चप्पल पायात घालून खाटेवर बसलो... आणि संध्याकाळ होईपर्यंत उठलोच नाही. शेवटचं गाणं ऐकायची माझी छाती झाली नाही. ऑपरेशननंतर भेटायला गेलो तेव्हा ताप होता म्हणून सांगितलं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिला, ताप उतरला की नाही ते. त्यानंतर मी फारसा गेलो नाही.

मागच्या आठवड्यात भाऊंच्या बायकोनं, सुशीलावहिनींनी बोलावलं. “सर, ते शूटिंग तुमी पाह्यलंच नाही.” त्यांनी सीडी लावली. खोली गच्च भरलेली. भाऊ मधोमध बसलेले, नजर दाराकडे. कोणीतरी म्हणतं, “भाऊ, करा आता सुरू.” भाऊ म्हणतात, “थांबा. सर येऊन राह्यले.” कॅमेरा चालूच. कोणी खोकतं, कोणी पाणी मागतं. पुन्हा कोणी घाई करतं. “थांबा न जरा,” भाऊ म्हणतात. बऱ्याच वेळानं ते पेटी स्वतःकडे ओढून घेतात आणि गायला लागतात.

“शूटिंगवाला त्याच दिवशी म्हणे, सुरुवातीचं कापून टाकतो,” वहिनी म्हणाल्या. “हे म्हणे, राहू दे. सरले दिसलं पाह्यजे, त्याइची किती वाट पाह्यली म्हनून.”



वहिनी अजून रविवारी चारला ती खोली उघडतात. शेषराव येतो, आणखी दोघं-तिघं येतात. परवा मी साडेतीनलाच जाऊन दाराशी उभा राहिलो.