कडेने दिसणाऱ्या भिंती

ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डोळ्यांचं कळलं ते एका मॉनिटरमुळे. इथे विंडसरमध्ये गाड्यांच्या प्लास्टिकच्या भागांचे साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात ते ड्रॉइंग करायचे. एका संध्याकाळी घरी आले ते वैतागूनच.

"स्क्रीन खराब झाली माझी. सरळ रेष मधेच वाकडी दिसून राहिली."

नागपूर सोडून इतकी वर्षं झाली, तरी त्यांचं बोलणं तिथलंच राहिलंय. ऑफिसने मॉनिटर बदलून दिला. नव्या मॉनिटरवरही रेष वाकडीच. मग एका सकाळी ते वॉशरूममधल्या टाइल्सकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी मला हाक मारली. "ह्या टाइल्स सरळ आहेत ना?"

सरळ होत्या.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, असं डॉक्टर म्हणाली. तरुण होती, आमच्या मुलीच्या वयाची. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. आधी अक्षरं, मग चेहरे. ह्या प्रकाराला औषध नाही. झीज लांबावी म्हणून तिने गोळ्या लिहून दिल्या, पण त्या गोळ्यांनी गेलेलं परत येणार नाही हेही तिनेच सांगितलं. मला पटेना. आम्ही सीमा ओलांडून नदीपलीकडे डेट्रॉइटलाही एका डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी तेच सांगितलं, फक्त जरा हळू आवाजात.

परत येताना गाडीत हे म्हणाले, "मला खरी चित्रं पाहायची आहेत. आता नाही पाहिली तर राहूनच जाईल."

हे कुठून आलं ते मला माहीत होतं. तरुणपणी त्यांचा हात फार चांगला होता. वस्तीतल्या विहाराची भिंत दर जयंतीला तेच रंगवायचे. निळा कोट, जाड चष्मा, हातात पुस्तक. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला आधी ती भिंत दाखवली होती, मग मुलगा. त्यांना चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. घरच्यांनी पॉलिटेक्निकला घातलं, आणि तिथल्या लायब्ररीतल्या जाडजूड पुस्तकांत ते युरोपातली चित्रं बघत बसायचे.

मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला असते. तिने तिथूनच सगळं बुकिंग केलं. आधी अ‍ॅमस्टरडॅम, मग लिस्बन.

अ‍ॅमस्टरडॅमचं म्युझियम मला आठवायचं नसतं, पण आठवतं. एखाद्या गोष्टीकडे सरळ पाहिलं की ती नाहीशी व्हायची, म्हणून ह्यांना मान वाकडी करून तिच्या बाजूला पाहावं लागायचं. छोट्या छोट्या चित्रांपुढे ते तसे उभे राहिले. दिसेना म्हणून पुढे सरकले, आणखी पुढे सरकले. गार्डने येऊन सांगितलं, "सर, प्लीज स्टेप बॅक." दुसऱ्या दालनातही तेच झालं. तिसऱ्या दालनात तो गार्ड आमच्या मागेच येऊन उभा राहिला. मी त्याला सांगायला तोंड उघडलं, तर ह्यांनी माझा हात घट्ट दाबला. सांगू नकोस.

बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाले, "फ्रेम दिसते. मधे धूर आहे."

मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. दुसरं काय देणार होते? आसपास लोक हसत होते, फोटो काढत होते, आणि मला त्या सगळ्यांचा राग आला.

लिस्बनला आम्ही म्युझियमचं नावच काढलं नाही. नुसतं हिंडायचं, कॉफी प्यायची, परत यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बेकरीकडे चढ चढत होतो. त्यांचा हात माझ्या कोपरात होता. ते मधेच थांबले.

"ही बाई कोण आहे?"

मला वाटलं, रस्त्यावरच्या कुणाबद्दल विचारताहेत. "कुठली बाई?"

"भिंतीवरची."

मी वर पाहिलं. एका जुन्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर पसरलेला एका म्हातारीचा चेहरा होता. डोक्याला रुमाल, गालावर सुरकुत्या, निळ्या आणि मातकट पिवळ्या रंगात. तिचा एक डोळा आमच्या घरातल्या हॉलच्या खिडकीएवढा असेल. मी शेजारून चालत होते, आणि मला तो दिसला नव्हता.

हे रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले. मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली. "ओठ मिटलेले आहेत. डावा डोळा जरा बारीक केलाय. बरोबर?"

"बरोबर."

"नाकाची सावली निळ्यात मारली आहे. काळ्यात नाही." आणि ते हसले. कित्येक आठवड्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. चित्र इतकं मोठं होतं की डोळ्यातला धूर त्याला पुरा झाकू शकत नव्हता.

मग लिस्बनभर आम्ही भिंतीच शोधल्या. ट्रामने शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, कुणाला तरी विचारायचं, चुकायचं, पुन्हा विचारायचं. एका ठिकाणी तर भिंत रंगवण्याचं काम चालू होतं. लिफ्टच्या पाळण्यातून एक चित्रकार बाई खाली उतरली होती, कपडे रंगाने माखलेले. तिने भिंतभर आधी नुसते वेडेवाकडे फराटे मारून ठेवले होते. हे कशाला, म्हणून ह्यांनी विचारलं. तिने फोन दाखवून समजावलं, की फराट्यांचा फोटो चित्रावर ठेवायचा, म्हणजे कुठली रेष कुठल्या फराट्याजवळ येते ते कळतं. मग हे तिला सांगायला लागले, की आम्ही दोरीला खडूची पूड लावून भिंतीवर चौकोन आखायचो. तिचं इंग्रजी तुटकच, पण हातवारे करून जमत होतं. जाताना तिने ह्यांच्या हातात स्प्रेचा डबा दिला आणि खालचा एक कोपरा दाखवला. "ट्राय."

ह्यांनी डबा हलवला. आत कसलासा छर्रा वाजला. त्या कोपऱ्यासमोर वाकून उभे राहिले. इतक्या जवळून त्यांना काय दिसत होतं, कोण जाणे. मग त्यांनी डबा परत दिला.

"नको. वाकडं जाईल."

तिला मराठी कळलं नाही. मी भाषांतर केलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. आधी बर्लिन. तिथे भिंतींना तोटा नाही, पण ह्यांना आता मान आणखी वाकडी करून पाहावं लागत होतं, आणि बरंच काही मी सांगायला लागले होते. हा माणूस पाठमोरा आहे. ही मासोळी आहे. माझं सांगणं त्यांना आवडायचं नाही. "रंग सांग. काय आहे ते मी पाहीन," म्हणायचे. मला रंगांची नावं तरी कुठे येतात? हिरवा म्हटलं की विचारायचे, कसला हिरवा.

तिथून मुद्दाम लिस्बनला गेलो, त्या म्हातारीसाठी. चढ तोच. बेकरीही होती. मी चालता चालता वर पाहिलं आणि माझे पाय थबकले. भिंतीला क्रीम रंगाचा नवा गिलावा केला होता आणि ओळीने नव्या खिडक्या काढल्या होत्या. म्हातारी नव्हती.

हे पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभेही राहिले होते. मान वाकडी केली.

"अजून तशीच आहे," ते म्हणाले. "ओठांचा रंग जरा उतरलाय ना?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते थट्टा करत नव्हते. चेहऱ्यावर तेच पहिल्या वर्षीचं हसू होतं.

"काऊन गप्प झाली?"

 हो म्हटलं असतं, तर पुढे ते जे पाहिलं म्हणतील त्यातलं खरं किती, हे मला कधीच विचारता आलं नसतं. "अहो," मी म्हटलं, "ती नाही आहे तिथे. गिलावा केलाय. खिडक्या काढल्यात."

"खोटं."

"मी कशाला खोटं बोलू?"

ते तरातरा रस्ता ओलांडायला निघाले, एका स्कूटरने करकचून ब्रेक मारला. मी धावत मागे गेले. त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला, फिरवत नेला, खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीपाशी हात थांबला. थोडा वेळ तिथेच ठेवला.

"पण मला दिसली," ते म्हणाले. "आत्ता दिसली."

बेकरीत आम्ही कॉफी घेतली. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा! व्हॉट डिड यू सी टुडे?"

"भिंत पाहिली," ते म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

इथे परतल्यावर मी हे डॉक्टरला सांगितलं, ह्यांच्या समोरच. ती म्हणाली, असं होतं. डोळ्यातून काही येत नाही तिथे मेंदू स्वतःची चित्रं भरतो, कधी भिंती, कधी माणसं. त्यात वेडबिड काही नाही. तिने हे अगदी चांगल्या शब्दांत सांगितलं. "मग ह्यावर काय करायचं?" मी विचारलं. ह्यावरही काही नव्हतं. हे म्हणाले, "राहू दे. तेवढं तरी दिसेल." 

त्या वर्षाअखेरीला नोकरी सुटली. लायसन्स आधीच गेलं होतं. आता एक बाई त्यांना पांढरी काठी घेऊन चालायला, रस्ता ओलांडायला शिकवते. पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "डोन्ट ग्रॅब हिम." ते मागतील तेव्हाच हात द्यायचा. एरवी मागे राहायचं.

गेल्या आठवड्यात ट्रेनर नसताना आम्ही दोघंच ग्रोसरीला निघालो. फुटपाथच्या कडेला फावड्याने सारलेल्या बर्फाचे ढीग होते. चौकात ते थांबले. कान देऊन गाड्यांचा अंदाज घेत राहिले, तिने शिकवलं होतं तसं. मी मागे कोटाच्या खिशात हात घालून उभी होते; हात बाहेर असले की आपोआप पुढे जातात. त्यांनी पाऊल टाकलं. उजवीकडे वळणारा एक ट्रक थांबला. ते सावकाश, काठी टेकत, नीट पलीकडे पोचले.

मी निघेपर्यंत सिग्नल बदलला होता. मधून गाड्या जायला लागल्या.

"आलीस का?" त्यांनी विचारलेलं ऐकू आलं.

"तिथेच थांबा!" मी इकडून ओरडले. एक बस आडवी आली. ती गेल्यावर पाहिलं, तर ते थांबलेले होते, पण तोंड दुसरीकडे करून. तिकडच्या कुणाशी तरी ते बोलत होते, आणि तिकडे कुणीच नव्हतं.