हिराकसाचे दोन रंग

शेवंताबाई गेल्याची वार्ता आली तेव्हा मी सकाळची पूजा आटोपून सोवळे सोडत होतो. दूरध्वनीवर त्यांचा मुलगा होता. "शास्त्रीबुवा, आई गेली... परवा दुपारी. जेवली, हात धुतले, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. तुम्हाला नक्की कळवायचं, असं तिनं कधीचं सांगून ठेवलं होतं." मी "बरं" एवढेच म्हणालो आणि यंत्र खाली ठेवले. अशा प्रसंगी जे दोन शब्द बोलायचे असतात तेही आपण बोललो नाही, हे मागाहून लक्षात आले. लोकांच्या घरी जाऊन सांत्वनाचे श्लोक म्हणण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला त्या क्षणी एक अक्षर सुचले नाही. याला आता सव्वा महिना होऊन गेला. शेवंताबाई गिरगावातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात परिचारिका होत्या आणि राहायला परळच्या चाळीत. त्यांचे नाव कधी कोणत्या पत्रिकेवर छापले गेले नाही. ते एकदा तरी छापले जावे, आणि त्यासोबत माझ्याकडून राहून गेलेली एक गोष्टही सांगितली जावी, यासाठी हा लेख.

संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने गिरगाव धगधगत होते ते दिवस. मी ठाकूरद्वारच्या एका वाडीत दोन खोल्यांत राहत असे, सकाळी शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि उरलेल्या वेळी, वडिलांकडून आलेले व्रत म्हणून, देवळांसाठी पोथ्यांच्या नकला करीत असे. शाई विकतची वापरायची नाही, हा वडिलांचा दंडक. हिरडे कुटून लोखंडी कढईत उकळावेत, तो काढा गाळून त्यात हिराकस घालावा. हिराकस म्हणजे वाण्याकडे मिळणारे हिरवट, काचेसारखे खडे. काढा पाहता पाहता काळाभोर होतो. पोथीवर उतरलेले ते अक्षर शंभर वर्षे पुसत नाही, याचा मला मोठा अभिमान होता. माझी पत्नी उमा त्या वेळी दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिले मूल जन्मतःच गेले होते आणि त्या बाळंतपणात तिचे रक्त इतके वाहिले होते की ती कशीबशी हाती लागली. पाचव्या महिन्यात तिला प्रसूतिगृहात नेले, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बाजूला घेतले आणि स्पष्टच सांगितले, "अंगात रक्त नाही. मागच्यासारखा रक्तस्राव पुन्हा झाला तर या राहणार नाहीत. चार महिने आहेत तुमच्या हातात."

तेथेच शेवंताबाईंचे पहिले दर्शन झाले. ठेंगण्या, सावळ्या, पांढरे लुगडे घट्ट नेसलेल्या आणि आवाजात गिरणगावचा मोकळा ठसका. त्यांनी उमाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखांवरून अंगठा फिरवला आणि एकदम विचारले, "वहिनी, माती खाता?" उमाने मान खाली घातली. मी ताडकन म्हणालो, "आमच्या घरी असले काही चालत नाही." शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "मग काय खाता? पाटीवरची पेन्सिल? कच्चे तांदूळ?" उमा पुटपुटली, "यांचं गोपीचंदन." महिनाभर माझ्या देवघरातली गोपीचंदनाची, कपाळी लावायच्या त्या पिवळ्या मातीची, वडी झिजत होती आणि मी उंदरांना दोष देत होतो! शेवंताबाई हसल्या, पण तिला नव्हे. "रक्त कमी झालं की जीव मातीवर जातो, वहिनी. त्यात लाज कसली? शास्त्रीबुवांच्या देवाला चार दिवस गंधाशिवाय राहू दे." मला त्या क्षणी राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. पांडुरोगाची लक्षणे मी ग्रंथांतून पाठ केली होती. फिकट नेत्र, धाप, मृत्तिकाभक्षणाची वासना... सारे श्लोक मुखोद्गत. समोर रोज जेवायला वाढणारी उमा मात्र मला त्या श्लोकांत कधी दिसली नव्हती.

मग त्यांनी तिचे बोट टोचले. रक्ताचा थेंब टिपकागदाच्या तुकड्यावर घेतला आणि एका छोट्या वहीतल्या छापील तांबड्या पट्ट्यांशी ताडून पाहिला. सर्वांत गडद पट्टी वर, सर्वांत फिकी खाली. उमाचा थेंब खालून दुसऱ्या पट्टीशी जुळला. कंपाउंडरने लोहाचे मिश्रण बाटलीत भरून दिले, दिवसातून तीन वेळा. दात काळे पडू नयेत म्हणून ते पपईच्या पानाच्या पोकळ देठाने ओढून घ्यायचे, ही शेवंताबाईंची युक्ती. "शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही," हेही त्यांनी सांगितले.

उमाने एक मात्रा चुकवली नाही. मी घड्याळ लावून समोर बसत असे. आणि तरीही महिन्याने थेंब त्याच पट्टीवर. दीड महिन्याने तर आणखी फिका. जिना चढताना ती आता दोनदा बसत होती. डॉक्टरीणबाई संतापल्या. "औषध मोरीत ओतता वाटतं?" उमाच्या डोळ्यांत पाणी आले. शेवंताबाईंनी टिपकागद पुन्हा एकदा पट्ट्यांशी ताडून पाहिला. शेवटी म्हणाल्या, "खोटं बोलणारी बाई ही नव्हे. उद्या माझी सुट्टी आहे. मी घरी येऊन बघते."

आणि त्या खरोखरच आल्या. सुट्टीच्या दिवशी, परळहून ठाकूरद्वारला, कोणी बोलावले नसता. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी इथूनच बघते. तुमचं सोवळं मोडायला नको." मी पाट मांडला नाही. त्यांनी तो मागितला नाही. उमा मात्र आतून सतरंजी घेऊन आली, उंबऱ्याच्या आत तिने ती अंथरली आणि म्हणाली, "बसा हो, मला उभं राहून बोलायला दम लागतो." दोघी समोरासमोर बसल्या. शेवंताबाईंनी सकाळपासून उमाच्या पोटात काय काय जाते, ते तिच्या तोंडून वदवून घेतले, एकेक घोट, एकेक घास. दुपारच्या मात्रेची वेळ झाली. उमाने देठाने औषध घेतले आणि मी नेहमीप्रमाणे लगेच दुसरी वाटी पुढे केली. "हे काय?" शेवंताबाईंनी विचारले.

"हिरड्याचं चूर्ण, कोमट पाण्यातून. तुमच्या औषधानं मलावरोध होतो. शास्त्रानं हरीतकीला मातेच्या जागी मानलेलं आहे."

"प्रत्येक मात्रेबरोबर?"

"प्रत्येक. पहिल्या दिवसापासून, न चुकता," मी सांगितले... अभिमानाने.

औषधाच्या पेल्याच्या तळाशी दोन थेंब उरले होते. शेवंताबाईंनी पेला मागून घेतला आणि माझ्या वाटीतले चमचाभर पाणी त्यात ओतले. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पेल्यात काळेभोर उतरले. "आमचे हे गिरणीत रंगखात्यात आहेत," त्या सावकाश म्हणाल्या. "त्यांच्या नखांत हाच काळा असतो. धुतल्यानं जात नाही. शास्त्रीबुवा, ती काळी कढई दिसतेय, तुम्ही शाई घरी करता ना? तिच्यात काय घालता?"

मी म्हणालो, "हिरडा आणि हिराकस." शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मी थांबलो.

"आमच्या औषधातही हिराकसच असतो हो. शुद्ध केलेला, एवढंच. कंपाउंडर त्याला इंग्रजी नावानं ओळखतो. हिरड्यानं त्याला पोटातच धरून ठेवला. रक्तात जाणार कुठून?"

ज्या हातांनी मी देवाची अक्षरे लिहीत होतो, त्याच हातांनी रोज तीन वेळा माझ्या पत्नीच्या पोटात शाई घोटीत होतो. आणि मल काळा होणार हे आधीच सांगितलेले असल्यामुळे कोणाला शंकाही आली नव्हती. मी खाली बसलो. उमा भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत दोष नव्हता, हे मला अधिक असह्य झाले. शेवंताबाई उठल्या, लुगड्याला लागलेली धूळ झटकली आणि अगदी हिशेबी आवाजात म्हणाल्या, "रडायला नंतर वेळ मिळेल. अजून नऊ आठवडे आहेत. हिरडा बंद, औषधाच्या मागेपुढे तासभर चहा बंद, लिंबाच्या पाण्याबरोबर औषध. पोटासाठी अंजीर भिजवून द्या, मनुका द्या. आणि वहिनी, यांनी पुन्हा काही शास्त्र काढलं तर मला निरोप पाठवा."

त्यानंतरच्या आठवड्यांत मी जे पाहिले त्याला माझ्या भाषेत 'दर्शन' याखेरीज शब्द नाही. दर सोमवारी टिपकागदावर थेंब पडे. पहिल्या सोमवारी काही नाही. दुसऱ्या सोमवारी शेवंताबाईंनी वही उजेडात नेली, परत आणली, पुन्हा नेली. "हलली," त्या म्हणाल्या. एक पट्टी वर! मग दुसरी. उमाच्या ओठांवर रंग आला, गोपीचंदनावरची वासना उडाली. मी एकदा विचारले, "हा हिरवा खडा तांबडा कसा होतो?" त्या म्हणाल्या, "हाडांच्या आत मगज असतो ना, तिथं रक्ताचा कारखाना आहे. कामगार तयार होते, पण कच्चा माल येत नव्हता. आता तिन्ही पाळ्या चालू." इतके सुंदर भाष्य मी कोणत्याही टीकाकाराकडून ऐकलेले नाही. एकच हिराकस, हिरड्याला भेटला तर काळी मसी, अस्थींच्या गाभ्यात पोहोचला तर प्राण. सृष्टिकर्त्याच्या घरी कोणती वस्तू कोणाच्या संगतीत काय होईल, याचा मी आजही विचार करतो आणि हात आपोआप जोडले जातात.

उमाचे दिवस भरले ते नेमके हरताळाच्या दिवशी. ट्राम बंद, दुकाने बंद, नाक्यानाक्यावर जमाव आणि घोषणा. दुपारी कळा सुरू झाल्या आणि मूल येताच भीती खरी ठरली. रक्त वाहू लागले. मोठ्या रुग्णालयातून रक्ताची बाटली आणायला माणूस गेला तो वाटेतच अडकला. शेवंताबाई परळहून पायी चालत आल्या होत्या. दोन्ही पायांना फोड आलेले मी पाहिले. त्या दार किलकिले करून मला म्हणाल्या, "बाहेरचं रक्त आज येत नाही, शास्त्रीबुवा. अंगात जे साठवलंय त्यावरच निभवायचं." दार लागले. मी बाकावर बसून नामस्मरण करू लागलो आणि माझ्या ध्यानात आले की मी नामाबरोबर पट्ट्या मोजतो आहे... पाच पट्ट्या, पाच पट्ट्या वर आलो आहोत आपण. रस्त्यावरून घोषणांची लाट आली आणि ओसरली. तासाभराने दार उघडले. शेवंताबाईंचा पदर खांद्यापर्यंत माखला होता. "नाडी धरून आहे. रक्त थांबलं. दोघी सुखरूप." मग थकलेल्या चेहऱ्यावर तेच हसू आणून म्हणाल्या, "मुलगी झाली हो. संयुक्त महाराष्ट्र व्हायचाय अजून, पण तुमचं काम झालं."

पुढे त्यांनी कुटुंबासह बुद्धाला शरण जाऊन दीक्षा घेतली, मी माझ्या देवघरातच राहिलो, आणि आमच्या घरचा त्यांचा पाट उमाने कधी रिकामा राहू दिला नाही. पेल्यातल्या त्या काळ्या पाण्याचा उल्लेख त्यांनी माझ्यासमोर पुन्हा एकदाही केला नाही. माझीही जीभ कधी उचलली नाही. त्या विसरल्या असतील, असे मी स्वतःला समजावीत आलो.

गेल्या महिन्यात उमाला घेऊन परळला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्यापुढे पांढरी फुले. शेवंताबाईंच्या गरोदर नातसुनेने आम्हांला चहा दिला. तिचा स्वतःचा कप मात्र बशीत पालथा ठेवलेला होता. उमाने विचारले, "तू नाही घेत?" ती म्हणाली, "आत्ताच लोहाची गोळी घेतली ना. तासभर कप पालथा, हा आजीचा नियम. या चाळीत कुठलीही बाई पोटुशी राहिली की आजी तिचा कप पालथा घालून यायच्या. म्हणायच्या, चहा नको, हिरडा नको, हे मला ठाकूरद्वारच्या एका मोठ्या शास्त्रीबुवांनी शिकवलंय. ते शाईचे जाणकार होते, त्यांनी दाखवलं म्हणून मला कळलं." मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "ते तुम्हीच ना?"

एवढी वर्षे, एवढ्या स्त्रियांसमोर, त्या बाईंनी माझा अपराध माझी विद्या म्हणून सांगितला होता! तेवढ्यात उमा उद्गारली, "शिकवलं कसलं डोंबल! अगं, यांनी माझ्या पोटात शाई केली होती. तुझ्या आजीनं मला वाचवलं." शेवंताबाईंचा मुलगा खो खो हसू लागला, डोळे पुसत हसू लागला. "आई अशीच होती," तो म्हणाला. मी नातसुनेला नमस्कार केला आणि सांगितले, "मुली, ही म्हणते तेच खरे आहे. शिकवले तुझ्या आजीने. इथून पुढे सांगशील तेव्हा असेच सांग."

तिने मान डोलावली. आम्ही निघालो तेव्हा आमच्या कपांतला चहा कधीच संपला होता. तिचा कप अजून पालथाच होता.